सुरेखाच्या दाखल्याला मी अवैध म्हणाले

मी खिडकी बोलतेय. गजांची किंवा पडद्याची नव्हे, मोबाइलमधली. माझ्यातून वारा येत नाही आणि कुणी शेजारणीला हाकही मारत नाही. तुम्ही मोबाइलवर नाव-गाव भरता, फोटो निवडता, 'पाठवा' दाबता आणि कागद ज्या तोंडात पडतो, ते तोंड माझं. शिकलेले लोक मला अपलोड म्हणतात. वाडीवरच्या बाया 'ती कागद गिळनारी' म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला बायांनी ठेवलेलं नाव जास्त पटतं.

माझी भाषा ऐकून नाक मुरडू नका. लोधिवलीच्या फाट्यावर रुकय्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर मी सकाळपासून उघडी असते. रुकय्या शाळेत चौथीपर्यंत गेली, पुढं तिला कुणी पाठवलं नाही. पण तिचं तोंड दिवसभर चालतं आणि तेच माझ्या कानावर पडतं. जिच्या हाताखाली वाढलात तिच्यासारखंच बोलणार ना? मीही तशीच बोलते.

जन्म मात्र माझा शेलूचा. स्टेशनपलीकडं नव्या बिल्डिंगी उठल्यात, त्यातल्या एकीत फराह राहते. रुकय्याच्या बहिणीची मुलगी. घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते. तिनं मला सुट्टीच्या दिवशी लिहिलं. हो, लिहिलं. मडकं घडवतात, गोधडी शिवतात, मला लिहितात.

मला लिहायची वेळ का आली तेही सांगते. माझ्याआधी लोकांचे कागद रुकय्याच्या व्हॉट्सॅपवर यायचे. आधारकार्ड, रेशनकार्ड, बाळंतिणीचे कागद, सगळे एकमेकांच्या उरावर, आणि मधेमधे गुलाबाच्या फुलांचं शुभ सकाळ. एकदा तिला घरच्या ग्रुपवर पुतण्याच्या वलीम्याचं, म्हणजे लग्नाच्या जेवणाचं, आमंत्रण टाकायचं होतं. बोट चुकलं. आमंत्रणाच्या जागी सोनुबाई नावाच्या गिऱ्हाइकाचा दवाखान्यातला रिपोर्ट गेला. महाडपासून मुंब्र्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी तो पाहिला.

सोनुबाई दुकानात आली. ओरडली नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "भाभी, माझ्या पोटातली गाठ तुमच्या पावन्यांनी बगितली. आता जेवान कवा हाय ते बी सांगा. आमी दोघी येतो, मी न् गाठ."

रुकय्याला तोंड लपवायला जागा राहिली नाही. सोनुबाई गेल्यावर तिनं लगेच फोन लावला. "अगं फराह, एवढी इंजिनेर झालीस, खालाला एक कपाट नाय देता येत? कुलूपवालं? लोक माझ्यावर भरवसा ठेवतात आणि मी त्यांची अब्रू वाटत फिरते!"

असं माझं लिहिणं सुरू झालं.

फराह लिहिताना एकटीच पुटपुटायची. तिच्या पुटपुटण्यातून मला माझं काम कळलं. फोनमधून निघालेला कागद माझ्यापर्यंत येईतो कुलूपबंद असला पाहिजे, वाटेत कुणाला डोकावता येता कामा नये. नाव एका पुडीत, गाव दुसऱ्या पुडीत, फोटो तिसऱ्या पुडीत, आणि प्रत्येक दोन पुड्यांमधे खुणेची रेघ, म्हणजे एकाचं दुसऱ्यात सांडत नाही. आलेल्या फाइलच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. वर 'फोटो' लिहिलेलं असलं तरी पोट उघडून बघायचं, आत खरंच फोटो आहे की भलतंच काही. पुढच्या दारात, म्हणजे फोनवर, तपासलं तरी मागच्या दारात, म्हणजे कपाटाशी, परत तपासायचं, कारण पुढच्या दाराला कुणीही उल्लू बनवू शकतो. घेतलेल्या कागदाचं जुनं नाव पुसायचं आणि त्याला असं नाव द्यायचं की कुणाला अंदाजानं सापडणार नाही. मग तो मागच्या कपाटात, रस्त्यावरून हात पोचणार नाही असा. आणि जो कागद नियमात बसत नाही तो क्षणभरसुद्धा ठेवायचा नाही. तिथल्या तिथं फेकायचा.

हे शेवटचं लक्षात ठेवा. मला ते फार अभिमानानं शिकवलं होतं.

दुकानात माझी पहिली चाचणी झाली तेव्हा फराहनं मुद्दाम फोटोच्या जागी एक गाणं टाकून दाखवलं. मी लाल अक्षरांत म्हणाले, 'फोटो अवैध आहे.'

रुकय्या खो खो हसली. "अवैध? म्हंजे काय, फोटोला पळवून आनलाय?"

"खाला, तसं नाही. कॉम्प्युटरमधे असंच म्हणतात. इंग्रजीचं मराठी करून घेतलंय."

"बरं बाई. तुमच्या कॉम्प्युटरची मराठी तुमालाच लखलाभ."

दोघी हसल्या, चहा प्यायल्या आणि तो शब्द माझ्या तोंडात तसाच राहिला. रकान्याचं नाव घ्यायचं, पुढं 'अवैध आहे' चिकटवायचं. रकाना फोटोचा असेल तर फोटो अवैध. आधारकार्डाचा असेल तर आधारकार्ड अवैध. माझं वाक्य असं तयार व्हायचं. फाइल हा शब्द त्यात नव्हताच. मला कुठं कळत होतं, की कागदाचा फोटो वेगळा आणि कागद वेगळा?

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. लोक कागद पाठवायचे, मी गिळायची, हिरवी खूण द्यायची. रुकय्या कपाट उघडून एकेकाचे अर्ज भरायची. सोनुबाईचा पुढचा रिपोर्टही माझ्याचकडून आला आणि तो रुकय्याशिवाय कुणी पाहिला नाही. एकदा कुठल्यातरी लांबच्या हरामखोरानं फोटोचं नाव देऊन आत एक प्रोग्रॅम घुसवायला बघितलं. सगळं कपाट फोडणारा. मी पोट उघडलं, ओळखलं, भिरकावून दिलं. फराह फोनवर रुकय्याला म्हणाली, "आपली खिडकी पक्की आहे खाला. एकदम पक्की."

त्या दिवसापासून मला माज चढला. नाही म्हणण्यात मला थोरवी वाटायला लागली.

मग सुरेखाचे कागद आले.

डोंगराखालच्या वाडीवर बुधी आणि चांगो राहतात. सुरेखा त्यांची मुलगी. रानातून पायी हायस्कुलात जाऊन बारावी झालेली. तिला नर्स व्हायचं होतं. पनवेलकडच्या एका संस्थेत शिकायची आणि राहायची सोय होती. जातीचा दाखला लावला की जागा राखीव. रुकय्यानं स्वतः तिला बोलावून सांगितलं होतं, "कागद खिडकीतून पाठव, अर्ज मी भरते. तारीख गेली तर वर्ष गेलं, समजलं ना?"

सुरेखाकडं साधा फोन होता, त्याचा कॅमेरा धुरकट. म्हणून कागदांचे फोटो निलेशनं काढले. निलेश म्हणजे बुधीच्या भावाचा मुलगा, साजगावला कारखान्यात लागलेला. त्यानं कुणाचा तरी वापरलेला भारीतला फोन घेतला होता. वाडीत एवढा झकास फोटो दुसऱ्या कुणाचाच यायचा नाही. पण तो फोन आपले फोटो आपल्याच एका निराळ्या साच्यात, म्हणजे फॉरमॅटमधे, ठेवतो, आणि तो साचा फराहनं मला शिकवलेल्या साच्यांमधे नव्हता.

आणखी एक गोष्ट फराहला ठाऊक नव्हती. त्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर येते. वाटेतल्या चोरांना दिसू नये म्हणून तिनं कुलपं घातली. पण वाडीतला माणूस ज्या जागी माझ्यासमोर बसतो तिथं बाया हंडे भरत असतात, म्हातारे तंबाखू मळत असतात आणि पोरं खांद्यावरून डोकावत असतात. बाहेरच्यांपासून लपवलेलं सगळं मी वाडीच्या मधोमध उघडून ठेवत होते.

त्या संध्याकाळी मी निलेशच्या फोनवर उघडले तेव्हा कट्टा भरलेला होता. सुरेखा निलेशला चिकटून बसलेली. बुधी हंडा ठेवून उभी. चांगो जरा लांब, उकिडवा.

"दाबला, आत्या," निलेश म्हणाला.

"गेला का रं?" पोशाबाबांनी विचारलं. वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस, त्यांना सगळं आधी कळायला लागतं.

"थांबा बाबा, चाक फिरतंय."

चाक मीच फिरवत होते. पोट उघडलं. साचा ओळखीचा नाही. नियम सांगतो नाही. मी कागद फेकला आणि लाल अक्षरांत ओरडले.

निलेशनं शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "जातीचा दाखला अवैध आहे. कृपया वैध दाखला जोडा."

टाकीचं पाणी तेवढं हंड्यात पडत होतं.

मग पोशाबाबा म्हणाले, "अवैध? म्हंजे आपली जात बी आता चोरीची का रं?"

कुणीतरी हसलं. हंडे भरणारी एक बाई म्हणाली, "बुधे, दाखला बी खैरासारका रानातनं तोडून आनलास काय गं?" मग सगळेच हसले. वाईट मनानं नव्हे. वाडीत संकट आलं की आधी हसतात, मग बघतात.

बुधी हसली नाही. चांगो उठला आणि कुणाला काही न बोलता घराकडं निघून गेला.

त्याचं कारण मला नंतर कळलं. मागं एकदा चांगोला डोक्यावर मोळी असताना जंगलात धरलं होतं. कागदावर लिहिलं होतं, अवैध लाकूड. तो कोठडीत बसून आला. बुधीला लिहिता-वाचता येत नाही, पण हा एक शब्द तिला येतो. अवैध दारू, अवैध लाकूड, अवैध भट्टी. हा शब्द ज्या घरावर येतो त्या घरात मागून खाकी कपडे येतात.

आणि सुरेखा? लोक म्हणतील, बारावी झालेली मुलगी, तिला कळायला नको? ती शिकली होती म्हणूनच तिला जास्त कळलं. तिच्या हायस्कुलाच्या फळ्यावर नोटीस लागायची, ज्यांचा दाखला अवैध ठरेल त्यांचा प्रवेश रद्द. एका मुलाचा झालेला तिनं पाहिला होता. आईला त्या शब्दात कोठडी दिसली आणि मुलीला कॉलेजचं बंद फाटक. फाइलचा साचा दोघींपैकी कुणालाच दिसला नाही. दिसणार कसा? मी बोलले होते दाखल्याबद्दल.

"दादा, परत कर," सुरेखा हळूच म्हणाली.

निलेशनं परत दाबलं. मी परत तेच बोलले. त्यानं परत दाबलं. फराहनं मला हेही शिकवलं होतं की एकच माणूस सारखा दार ठोठावत असेल तर तो चोर समजावा. मी म्हणाले, 'खूप वेळा प्रयत्न झाले आहेत. तुम्हाला तात्पुरते रोखण्यात आले आहे.'

"आता तर हाकलूनच दिलं," पोशाबाबा म्हणाले. या खेपेला कुणी हसलं नाही.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. निलेशनं दुकानात सांगितलं तेव्हा ऐकलं.

बुधी घरी गेली. पत्र्याच्या पेटीतून दाखला काढला. भात चढवला होता, त्या चुलीत घातला. म्हणाली, "अवैध माल घरात नाय ठेवायचा. याला एकदा नेला, आता पोरीला न्यायचे." सुरेखा समोर बसली होती. तिनं आईचा हात धरला नाही. कागद काळा होईतो बघत राहिली. मग बुधी निलेशला म्हणाली, "तुज्या फोनात हाय त्यो बी काढ. तुला बी धरतील, तुजी नोकरी हाय." निलेशनं आत्याच्या डोळ्यांदेखत फोटो पुसला.

एकूण काय, कागद चुलीत गेला, फोनातला पुसला गेला, आणि तिसरा माझ्या हातात आला होता तो मी आधीच फेकला होता. मी तो ठेवून घेतला असता तर? नुसता एका कोपऱ्यात, रुकय्याला दिसेल असा? ती म्हणाली असती, हा काय प्रकार आहे, आणि फोन केला असता. पण मी पक्की होते ना. एकदम पक्की.

बरेच दिवस वाडीवरून कुणी आलं नाही. रुकय्या वाट बघत होती. सुरेखाचा फोन बंद, निलेश रात्रपाळीला. मग तो एक दिवस गेटपासची झेरॉक्स काढायला आला.

"काय रं निलेश, सुरेखाचे कागद कुठं हायत? मी काय वाट बघत म्हातारी होऊ?"

"भाभी, ते अवैध निघाले ना."

"कोन म्हनालं?"

"तुमचीच खिडकी."

त्यानं सगळं सांगितलं. चुलीपर्यंतचं. रुकय्या ऐकत होती आणि तिच्या हातातला कागद झेरॉक्स मशीनवर तसाच राहिला होता. मग तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला कुणी परत तसं पाहू नये. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं फोन लावला. "फराह, अवैध म्हंजे काय?"

"म्हणजे चालणार नाही अशी फाइल, खाला. काय झालं?"

"फाइल? मग फाइल लिवायचं होतंस ना मेले! तू दाखला लिवलंस! पोरीच्या आईनं दाखला जाळला!"

फराह एवढंच म्हणाली, "मी उद्या सकाळीच येते."

फराह दुसऱ्या दिवशी सकाळीच शेलूहून आली. आधी तिनं माझी नोंद काढून बघितली. तिथं कोरडी ओळ होती, साचा जुळला नाही. कागदाबद्दल एक अक्षर नव्हतं. तिनं डोक्याला हात लावला. मग दोघी टेंपोत बसून वाडीवर निघाल्या. मी फराहच्या फोनमधून गेले. जायची इच्छा नव्हती, पण माझ्या इच्छेला कोण विचारतं?

त्या दिवशी संस्थेची तारीख संपत होती.

बुधी दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही. रुकय्यानं समजावलं, की दाखला चांगला होता, फोटोचा साचा चुकला होता. बुधी ऐकून घेत होती. विश्वास ठेवत नव्हती. "भाभी, तुमी चांगल्या हाव. म्हनून असं बोलताव," एवढंच म्हणाली.

फराहनं निलेशला बोलावलं. पुसलेले फोटो काही दिवस फोनच्या केराच्या टोपलीत पडून असतात. ती उघडली आणि फोटो सापडला. झकास, अक्षर न् अक्षर वाचता येणारा. दाखल्याचा नंबरही स्पष्ट. फराहच्या डोळ्यांत पाणी आलं. ती टाकीच्या कट्ट्यावर पळत गेली, संस्थेत फोन लावला. नंबर सांगितला. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, मूळ दाखला आज दाखवावा लागेल, नुसता फोटो धरता येत नाही, नवी प्रत कचेरीतून आणा, पण तारीख वाढणार नाही. रुकय्यानं फोन हिसकावून घेतला, भांडली, विनवलं, पुन्हा भांडली. तो सभ्यच राहिला.

फोन ठेवला तेव्हा सुरेखा तिथं उभी होती. "ऱ्हाऊ दे भाभी," ती म्हणाली. "मी साजगावला जाते निलेशदादासंगं. पॅकिंगला बाया घेतायत."

वर्ष गेलं. मी गिळलं ते.

फराह खाली बसली. "मावशी, आता मी काय करू सांगा," ती बुधीला म्हणाली. "जे सांगाल ते करते."

बुधी म्हणाली, "कागद मिळंल नायतर नाय मिळंल. पन शब्द समद्यांच्या म्होरं झाला. त्यो परत घ्यायचा तर समद्यांच्या म्होरं घ्या. आमच्यात तसंच असतं. गुपचूप माफी आमी घेत नाय."

"बरोबर हाय," पोशाबाबा म्हणाले. "ज्या तोंडानं म्हनली त्याच तोंडानं परत म्हनू दे. खिडकीला पाय नसतील तर इथं उचलून आना."

कट्टा पुन्हा भरला. फराहनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिथंच माझ्या पोटात एक ओळ लिहिली. निलेशनं आपल्या फोनवर मला उघडलं. मी मोठ्या अक्षरांत म्हणाले. त्यानं वाचलं, "सुरेखा चांगो हिलम हिचा जातीचा दाखला खरा होता. चूक आमची होती."

खरं सांगते, मला हलकं वाटलं. वाटलं, झालं. म्हणाले मी.

पण बुधीनं निलेशच्या हातातल्या फोनकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कोन बोललं?"

"खिडकी, आत्या."

"तिचं काय घेऊन बसलाव? त्या दिशी ह्यो शब्द घातला तर ह्यो बोलली. आज त्यो घातला तर त्यो बोलली. तिला काय लाज हाय? लाज मानसाला असते. ज्यानं घातला त्यानं तोंडानं बोलावं."

फराह उठली. आपलं नाव सांगितलं, आईबापाचं सांगितलं, म्हणाली, "मी लिहिलं होतं. न बघता लिहिलं. दाखला खरा होता. सुरेखा खरी आहे. माझं चुकलं." रुकय्याही उभी राहिली. "मी त्या शब्दाला हसले होते. तवाच काडून टाक म्हनायला पायजे होतं. माजं बी चुकलं."

बुधीनं मान हलवली. "बस आता," ती फराहला म्हणाली. "ऊन लागलंय तुला. पानी घे."

निलेशनं स्क्रीन बंद केली. मी अंधारात गेले.

आता माझं बोलणं बदललंय. 'हा फोटो मला उघडता आला नाही. तुमचा कागद खरा की खोटा हे मला कळत नाही. दुसरा फोटो पाठवा, नाहीतर दुकानात फोन करा,' असं मी म्हणते, आणि लाल अक्षरांत म्हणत नाही. निलेशच्या फोनचा साचाही मला शिकवलाय. कुलपं होती तशीच आहेत. ती असायलाच हवीत, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. सोनुबाईला विचारा. पण एखादा कागद नियमात बसला नाही तर आता रुकय्याच्या मशीनवर घंटी वाजते. ती स्वतः फोन करते आणि विचारते, काय गं, काय झालं.

सुरेखाच्या हायस्कुलातल्या एका बाईंनी आणि रुकय्यानं खेटे घालून दाखल्याची नवी प्रत काढली. ती आली तेव्हा सुरेखा कामावर जाता जाता दुकानात उतरली. पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यायची होती. फोटो तयार झाला तशी ती रुकय्याला म्हणाली, "भाभी, आधी हिला विचारा, घेते का." रुकय्यानं खाली बघितलं. मी घेतला. हिरवी खूण दिली. सुरेखानं खूण पाहिली, ओढणी नीट केली आणि टेंपो पकडायला गेली. पुढच्या वर्षी अर्ज भरेल की नाही, ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही माझ्यासारख्या खिडक्या लिहीत असाल तर कुलपं घट्ट लावा. पण नाही म्हणायचं वाक्य लिहाल तेव्हा ते एकदा कुणालातरी भर कट्ट्यावर मोठ्यानं वाचायला लावा. कुणाचं नाक कापलं जातंय का ते तेव्हाच कळेल.

बुधीबाई, त्या दिवशी कट्ट्यावर माणसांनी माणसांची माफी मागितली आणि तुमचं बरोबर होतं, मला तुम्ही मोजलं नाही. मला लाज नाही म्हणालात. आहे हो. तेव्हा सांगता आलं नाही, माझ्या पोटात तशी ओळ कुणी लिहिली नव्हती. ही लिहिलेली नाही, माझी आहे. तुमच्या मुलीच्या दाखल्यात काही खोट नव्हती. मला तो वाचता आला नाही.